अमेरिकेत जड ट्रेलर ओढायचाय? पेट्रोल की डिझेल, हे शेवटी ठरवा

उन्हाळा तोंडावर आला की मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: “ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) घेतोय, पिकअप पेट्रोलचा घेऊ की डिझेलचा?” लगेच दोन तट पडतात आणि ट्रेलर किती वजनाचा आहे हे मात्र कुणीच विचारत नाही. मी डेन्व्हरला राहतो. आमच्याकडे डिझेल ट्रक आहे. तरीही विचारणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांना मी पेट्रोलच सुचवतो. का, ते पुढे येईलच.

भारतातून आलेल्या माणसाच्या डोक्यात डिझेलचं गणित पक्कं बसलेलं असतं: तेल स्वस्त, अ‍ॅव्हरेज जास्त, रनिंग भरपूर असेल तर डोळे मिटून डिझेल. इथे त्यातली पहिलीच ओळ खोडावी लागते. अमेरिकेत गॅलनमागे डिझेल बहुतेक वेळा पेट्रोलहून महाग असतं. केंद्राचा करच पेट्रोलवर १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट आहे. आणि हो, जाहिरातीत ‘गॅस ट्रक’ लिहिलेलं असतं तो पेट्रोलचा, सीएनजीचा नव्हे.

आता क्रमाने जाऊ. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं: आधी ट्रक आवडतो, मग त्याच्या मागे बसेल असा ट्रेलर शोधला जातो.

१. आधी ट्रेलर नक्की करा, आणि त्याचं खरं वजन धरा

डीलर तुम्हाला ‘ड्राय वेट’ सांगेल. हे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत, अंथरुणं-पांघरुणं नाहीत, कुकर नाही, मुलांच्या सायकली नाहीत. बॅटरी आणि भरलेली प्रोपेनची टाकीसुद्धा बऱ्याचदा नसते. पाण्याचं एक गॅलन साधारण ८.३ पाउंड भरतं. ४० गॅलनची टाकी भरली की तिथेच ३३० पाउंड वाढले.

म्हणून ट्रेलरच्या डाव्या बाजूला, पुढच्या टोकाजवळ बाहेरून चिकटवलेली पट्टी वाचा. त्यावर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेला असतो, म्हणजे सामानासकट ट्रेलरचं कमाल वजन. सगळे हिशेब त्याच आकड्यावर करा. “आम्ही कमी सामान नेतो” असं म्हणणारं मराठी कुटुंब मला अजून भेटायचंय.

दुसरा आकडा म्हणजे टंग वेट, ट्रेलर ट्रकच्या हिचवर, म्हणजे मागच्या जोडणीवर, जो भार टाकतो तो. साध्या ट्रॅव्हल ट्रेलरला तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवा. कमी असेल तर ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो, आणि ६० मैलांच्या वेगाला ते पाहण्यासारखं दृश्य नसतं. फिफ्थ व्हील म्हणजे ज्याचा जोड ट्रकच्या हौद्यात बसतो असा मोठा ट्रेलर. त्याचा भार १५ ते २५ टक्के धरतात.

२. ट्रकच्या दाराच्या चौकटीतला स्टिकर वाचा

या लेखातला एकच भाग वाचणार असाल तर हा वाचा.

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर टायरच्या माहितीचा पिवळा-पांढरा स्टिकर दिसतो. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती पाउंडांच्या वर जायचं नाही, ते लिहिलेलं असतं. हा त्या विशिष्ट ट्रकचा पेलोड. एकाच मॉडेलच्या, शेजारी उभ्या असलेल्या दोन ट्रकांचे आकडे वेगळे असतात, कारण सनरूफ, चामडी सीटा, फोर-व्हील ड्राइव्ह या सगळ्यांचं वजन त्यातून वजा झालेलं असतं. जितका महागडा ट्रिम (त्याच मॉडेलचा प्रकार), तितका पेलोड कमी. माहितीपत्रकातला आकडा विसरा, स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढा.

एक हिशेब करून बघू. जाहिरातीत एखादा हाफ-टन ट्रक (पुढे येणाऱ्या तीन गटांतला सर्वात हलका) १३,००० पाउंड ओढतो म्हणतात. स्टिकरवर पेलोड आहे १,६०० पाउंड. तुमचा ट्रेलर भरल्यावर ८,००० पाउंडांचा. टंग वेट १३ टक्के धरलं तर १,०४० पाउंड. वजन वाटून देणारी हिच स्वतःच ९० पाउंडांची. दोन मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून ५०० पाउंड. बेरीज १,६३०. मर्यादा ओलांडली, आणि अजून मागच्या हौद्यात ना कूलर आहे ना जनरेटर. जाहिरातीतल्या १३,००० पैकी ८,०००सुद्धा या ट्रकला धड झेपत नाहीत.

मग तो जाहिरातीतला आकडा खोटा का? खोटा नाही, पण त्याच्या अटी वेगळ्या असतात. एसएई जे२८०७ या मानकाप्रमाणे चाचणी होते, त्यात ट्रकमध्ये १५०-१५० पाउंडांची दोनच माणसं धरतात. चढाची चाचणी अ‍ॅरिझोनात डेव्हिस डॅमजवळच्या लांब घाटाच्या हिशेबाने, भर उन्हाळ्याच्या तापमानात होते. मागे साधी दोनच चाकं असलेल्या ट्रकने तिथे ताशी ४० मैलांच्या खाली यायचं नाही, एवढीच अपेक्षा. कायम तेवढंच वजन ओढून सुखाने फिरता येईल, असं ते मानक कुठेच म्हणत नाही.

३. ट्रकचा आकार ठरवा

हाफ-टन म्हणजे फोर्ड एफ-१५०, शेव्ही सिल्व्हराडो १५००, रॅम १५००, टोयोटा टुंड्रा. थ्री-क्वार्टर टन म्हणजे एफ-२५० आणि २५०० आकडा असलेले. वन-टन म्हणजे एफ-३५० आणि ३५००. नावातल्या टनांना आज काही अर्थ उरलेला नाही, फक्त चढती श्रेणी लक्षात ठेवा.

माझा ढोबळ नियम: भरलेला ट्रेलर ६,५००-७,००० पाउंडांच्या आत असेल तर चांगला हाफ-टन पुरतो. त्यापुढे १०,०००-११,००० पर्यंत थ्री-क्वार्टर टन. फिफ्थ व्हील असेल तर सरळ वन-टनकडे जा, मधे रेंगाळू नका.

हाफ-टनात पेट्रोल-डिझेलचा वाद जवळजवळ संपलाय. फोर्डने एफ-१५०मधलं डिझेल २०२१नंतर बंद केलं, रॅमने १५००मधलं २०२३च्या सुरुवातीला. उरलं ते जीएमचं (शेव्हीची मूळ कंपनी) ३ लिटरचं ड्युरामॅक्स डिझेल. इंजिन छान आहे, हायवेवर अ‍ॅव्हरेजही उत्तम देतं, पण पेलोड हाफ-टनाचाच राहतो. या गटात डोंगराळ भागासाठी फोर्डचं ३.५ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन हा चांगला पर्याय आहे.

४. आता इंजिन: घाट कुठले चढणार?

खरा प्रश्न थ्री-क्वार्टर टन आणि त्यावरच्या ट्रकांचा आहे. फोर्डचं ७.३ लिटर पेट्रोल व्ही-८ इंजिन ४३० अश्वशक्ती देतं आणि त्याचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, ५०० पाउंड-फुटांच्या आत आहे. त्याच ट्रकमधलं ६.७ लिटर डिझेल ४७५ अश्वशक्ती आणि १,०५० पाउंड-फूट देतं. अश्वशक्तीत फार फरक नाही, टॉर्क मात्र दुप्पट. जीएमचं ६.६ पेट्रोल विरुद्ध ड्युरामॅक्स, रॅमचं ६.४ हेमी विरुद्ध कमिन्स, सगळीकडे चित्र साधारण हेच आहे.

प्रत्यक्षात काय होतं? ९,००० पाउंड मागे घेऊन चढ लागला की पेट्रोल इंजिन खालच्या गिअरवर उतरतं, आरपीएम ४,००० च्या पुढे जातो आणि आतल्या गप्पा बंद पडतात. घाबरू नका, इंजिनाला काही होत नाही. ते त्यासाठीच बनवलंय. डिझेल तोच चढ दोन-अडीच हजार आरपीएमवर चढतं आणि मागच्या सीटवरची आजी झोपलेलीच राहते.

उंचीचा मुद्दा आमच्याकडे कोलोरॅडोत सगळ्यात मोठा. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. डेन्व्हर स्वतःच ५,२८० फुटांवर. इथून आय-७० ने पश्चिमेला निघालात की आयझनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे पोचेपर्यंत तुमच्या ४३० अश्वशक्तीतली एक तृतीयांश विरळ हवेत गेलेली असते. डिझेलला टर्बो असतो, तो हवा कोंबून भरतो, त्यामुळे उंचीचा फटका खूपच कमी बसतो. टेक्सास, फ्लोरिडा किंवा इलिनॉयच्या सपाटीवर फिरणाऱ्याला हा मुद्दा लागूच होत नाही.

चढापेक्षा मला उतार महत्त्वाचा वाटतो. डिझेल ट्रकांना एग्झॉस्ट ब्रेक असतो: टर्बोमधून बाहेर पडणारा धूर अडवून इंजिनच गाडीला मागे खेचतं. ७ टक्क्यांच्या उतारावर पायाखालचा ब्रेक क्वचितच वापरावा लागतो. पेट्रोल ट्रकमध्ये टो-हॉल मोड लावा, तो उतारावर आपोआप खालचा गिअर टाकतो. कामचलाऊ नव्हे, चांगला चालतो. फक्त आवाज होतो आणि मधूनमधून ब्रेकला मदत करावी लागते. तेल वाचवायला घाटात गाडी न्यूट्रलवर सोडायची सवय असेल तर ती विमानतळावरच सोडून या.

आणि डिझेलची एक गोम सेल्समन सांगत नाही. डिझेल इंजिन पेट्रोलहून शेकडो पाउंडांनी जड असतं. बऱ्याच थ्री-क्वार्टर टन ट्रकांचं कमाल वजन १०,००० पाउंडांवर बांधलेलं असतं, मग इंजिनाचं जास्तीचं वजन थेट पेलोडमधून जातं. त्यामुळे पेट्रोल ट्रकच्या स्टिकरवर ३,२०० आणि तशाच डिझेल ट्रकच्या स्टिकरवर २,२०० असं सर्रास दिसतं. आता १२,००० पाउंडांचा फिफ्थ व्हील घ्या, २० टक्क्यांनी २,४०० पाउंड हौद्यावर. डिझेल हसतहसत ओढेल, पण कागदावर तुम्ही माणसं बसायच्या आधीच ओव्हरलोड. जास्त ताकदीचा ट्रक कमी भार वाहतो, हे पचायला जरा वेळ लागतो.

५. पैशांचा हिशेब

या वर्गात डिझेल इंजिनासाठी १०,००० डॉलरच्या आसपास जास्त मोजावे लागतात. ते तेलातून वसूल होतील का?

८,५०० पाउंडांहून अधिक जीव्हीडब्ल्यूआरच्या ट्रकांना सरकारी मायलेजचा आकडा खिडकीवर लावावा लागत नाही, त्यामुळे अंदाजानेच चालू. ट्रेलर ओढताना पेट्रोल ट्रक गॅलनला ९ मैल देतो आणि डिझेल १२, असं धरा. पेट्रोल ३.२० डॉलर, डिझेल ३.८० डॉलर. मैलाला पेट्रोलचे सुमारे ३५.६ सेंट पडले, डिझेलचे ३१.७. वाचले चार सेंटसुद्धा नाहीत. १०,००० डॉलर वसूल व्हायला ट्रेलर जोडून अडीच लाख मैल चालवायला हवेत. वर्षातून चार लाँग वीकेंड आणि एक यलोस्टोन करणाऱ्याच्या हयातीत हे होणे नाही. तुमच्या गावचे भाव टाकून बघा, निष्कर्ष फारसा हलणार नाही.

शिवाय डिझेलमध्ये ऑइल जास्त लागतं, इंधनाचे फिल्टर बदलावे लागतात, डेफ नावाचं द्रावण (त्याबद्दल पुढे) भरावं लागतं. विकताना डिझेलला भाव चांगला येतो, हे खरं. पण डिझेल घ्यायचं ते ओढण्याच्या सुखासाठी घ्या. ‘पैसे वाचतील’ हे कारण बायकोला किंवा नवऱ्याला देऊ नका, तेही हिशेब करू शकतात.

६. डिझेल घेणार असाल तर हे आधी समजून घ्या

डेफ म्हणजे युरिया आणि पाण्याचं मिश्रण, युरिया ३२.५ टक्के. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करायला ते लागतं. त्याची टाकी वेगळी, झाकण निळं. संपत आलं की ट्रक आधी इशारे देतो, ऐकलं नाही तर वेगच बांधून टाकतो. ट्रक स्टॉपवर पंपाने भरा, कॅनपेक्षा स्वस्त पडतं.

डेफ चुकून डिझेलच्या टाकीत गेलं, किंवा डिझेलच्या टाकीत पेट्रोल गेलं, तर इंजिन अजिबात सुरू करू नका. चावी फिरवली की घाण उच्च दाबाच्या पंपापर्यंत जाते आणि बिल हजारोंत येतं. टो करून न्या. पंपाच्या नळीच्या रंगावर तर मुळीच विसंबू नका: बहुतेक ठिकाणी हिरवा नळ डिझेलचा असतो, पण एका मोठ्या कंपनीच्या पंपांवर पेट्रोलचाच नळ हिरवा असतो. अक्षरं वाचा.

धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या फिल्टरमध्ये साठते आणि ट्रक ती अधूनमधून जाळून टाकतो. त्यासाठी गाडी तापून सलग धावायला हवी. घर, शाळा, इंडियन ग्रोसरी, परत घर, एवढंच तुमचं रोजचं रनिंग असेल तर फिल्टर तुंबतो. रोजच्या कामाला हाच ट्रक वापरणाऱ्यांना मी पेट्रोल सुचवतो, त्याचं सर्वात मोठं कारण हे.

थंडीत डिझेल घट्ट होतं. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, आमचं कोलोरॅडो अशा ठिकाणी पंपांवर हिवाळी मिश्रण मिळतं. पण टेक्सासमध्ये टाकी भरून थेट बर्फात आलात तर आधीच अँटी-जेल टाका. इंजिनाला ब्लॉक हीटर असेल तर रात्री प्लगला लावून ठेवा.

एक फायदा मात्र प्रवासात रोज जाणवतो. पेट्रोल ट्रक आणि मागे ३० फुटी ट्रेलर घेऊन गाड्यांच्या पंपावर वळणं म्हणजे शिक्षा. डिझेलवाले ट्रक स्टॉपच्या मागच्या, मोठ्या ट्रकांच्या रांगेत सरळ घुसून सरळ बाहेर पडतात. फक्त तिथला नळ जाड असतो आणि तेल जोरात येतं, सावकाश भरा.

७. जुना ट्रक घेताना

जाहिरातीत ‘डिलीटेड’ किंवा ‘ट्यून्ड’ शब्द दिसला की पुढे जा. म्हणजे बहुधा डीपीएफ आणि डेफची यंत्रणा काढून टाकलेली. क्लीन एअर अ‍ॅक्टखाली हे बेकायदा आहे, बऱ्याच राज्यांत उत्सर्जन चाचणीत ट्रक नापास होतो आणि वॉरंटी उरत नाही.

व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून रिकॉल, म्हणजे कंपनीने दोषासाठी तो ट्रक परत बोलावलाय का, ते तपासा. तुमच्या ओळखीच्या नाही, तर डिझेलचं काम रोज करणाऱ्या मेकॅनिककडून तपासणी करून घ्या. इंजिन गार असताना स्वतः सुरू करून बघा. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलं असेल तर कारण विचारा.

८. कागदपत्रं आणि परवाना

जवळ हे ठेवा:

- ड्रायव्हिंग लायसन्स (तुमच्या राज्यात ट्रेलरच्या वजनाप्रमाणे वेगळा वर्ग लागतो का ते पाहून)
- ट्रक आणि ट्रेलर, दोघांचं टायटल (मालकीचा कागद) आणि रजिस्ट्रेशन. ट्रेलरची नंबर प्लेट वेगळी असते
- दोघांच्या विम्याचे कागद
- कर्ज घेणार असाल तर पगाराच्या स्लिपा, पत्त्याचा पुरावा. व्हिसावर असाल तर आय-७९७ आणि पासपोर्ट
- वजनकाट्याची पावती, ती कशी मिळवायची ते खाली

व्हिसावर असणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: काही बँका कर्जाची मुदत व्हिसाच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. डीलरकडे जायच्या आधी आपल्या क्रेडिट युनियनमध्ये विचारून या.

विम्यात सापळा आहे. ओढताना दुसऱ्याचं नुकसान झालं तर साधारणपणे ट्रकची पॉलिसी ते भरते, पण तुमच्या स्वतःच्या ट्रेलरच्या नुकसानीसाठी वेगळी पॉलिसी लागते.

परवान्याचे नियम राज्याराज्यांत बदलतात. कॅलिफोर्नियात १०,००० पाउंडांहून जड ट्रॅव्हल ट्रेलरला नॉन-कमर्शियल क्लास ए लायसन्स लागतं. फिफ्थ व्हील १०,००० ते १५,००० मधला असेल तर साध्या लायसन्सवर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. तिथे ट्रेलर जोडलेला असताना वेगमर्यादाही ताशी ५५ मैल. न्यू जर्सीकरांनी नदीपलीकडे जाताना जपावं: न्यू यॉर्कच्या पार्कवेंवर ट्रेलरला बंदी आहे, आणि जीपीएसला ते माहीत नसतं.

९. जोडणी, वजनकाटा आणि पहिली फेरी

जड ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात, त्यांना ट्रकमध्ये ब्रेक कंट्रोलर लागतो. हल्लीच्या जड ट्रकांत तो बहुधा डॅशबोर्डवरच असतो, पण गृहीत धरू नका. हिचच्या गोळ्याचा आकार ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे गोळ्यावर बसणाऱ्या त्याच्या तोंडावर, कोरलेला असतो. जड ट्रेलरला बहुतेक सव्वादोन इंचांहून किंचित मोठा, दोन पूर्णांक पाच-षोडशांश इंची गोळा लागतो. दोन इंची गोळ्यावरही तो कपलर बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात निसटतो. साखळ्या एकमेकींवर फुली मारून लावा, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) साखळीला नाही, ट्रकला अडकवा.

ट्रेलरच्या टायरवर ‘डीओटी’पुढचे शेवटचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी नवी दिसते म्हणून सात-आठ वर्षांचा टायर चालवू नका. बऱ्याच ट्रेलर टायरांची कमाल मर्यादा ताशी ६५ मैल असते, ट्रक कितीही पळत असला तरी.

मग सगळं सामान, पाणी आणि घरची माणसं भरून जवळच्या ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर जा. पंधरा डॉलरच्या आसपास खर्च येतो. ट्रकची पुढची चाकं एका फळीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या फळीवर उभी करा; पावतीवर तीनही वजनं छापून येतात. ट्रेलर सोडून ट्रकचं वजन पुन्हा एकदा घ्या. दोन पावत्यांमधल्या ट्रकच्या वजनातला फरक म्हणजे ट्रेलर तुमच्या ट्रकवर प्रत्यक्षात टाकतो तो भार. दाराच्या चौकटीतले आकडे आणि हे आकडे शेजारी ठेवा. जमत नसेल तर सामान कमी करा, टंगवरचा भार मागे सरकवायला मात्र जाऊ नका.

पहिली फेरी रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये: मागे घेणं, वळणं, ब्रेक कंट्रोलर जुळवणं. मागे घेताना स्टिअरिंगच्या तळाशी हात धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलरची शेपूट डावीकडे जाते. बाहेर पडल्यावर ५० मैलांवर थांबा, चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि प्रत्येक हबजवळ हात नेऊन बघा. एखादा बाकीच्यांहून खूप तापलेला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय. तिथूनच मागे फिरा.